पाद्रीबुवाचं स्टूल

सेराफां प्रालाँ दां-रूसवर किती वेळा चढला होता, याचा हिशेब त्याने स्वतःच केव्हाचा सोडून दिला होता. गावात विचाराल तर कुणी शंभर सांगे, कुणी दीडशे. पण त्या शिखराच्या अगदी टोकावर त्याने एकदाही पाय ठेवलेला नव्हता. हे ऐकून शहरातली माणसं हसतात. हसोत बापडी. प्राबेर गावात यात हसण्यासारखं काही नाही, कारण तिथल्या एकाही गाईडने तो ठेवलेला नाही.

त्याचं असं आहे. दां-रूस म्हणजे तांबडा दात, आणि या दाताच्या माथ्यावर एक गुळगुळीत दगड बसलेला आहे. पुरुषभर उंच, आणि वर दोन बूट जेमतेम मावतील एवढी जागा. हाताला पकड नाही, पायाला खाच नाही. पहिल्यांदा तिथे पोचला तो एक इंग्रज पाद्री, आणि त्याला तिथवर नेला सेराफांच्या खापरपणजोबाने, ओनेझीम प्रालाँने. दगडापाशी आल्यावर ओनेझीमने टोपी काढली, दगडाला पाठ लावून उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता तुम्ही, साहेब." पाद्रीबुवा त्याच्या खांद्यावर बूट ठेवून वर चढले आणि वर उभं राहून स्तोत्रं म्हणू लागले. एक झालं, दुसरं झालं, खाली यायचं नाव नाही. अखेर उतरले तेव्हा मोठ्या मनाने म्हणाले की ओनेझीम, आता तू जा. ओनेझीमने सांगितलं, मी जाऊन काय करू, मला स्तोत्रं येत नाहीत आणि घरी गाई धारेच्या खोळंबल्या आहेत.

गावात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. आता खरं सांगायचं तर ओनेझीम जाणार तरी कसा होता? त्याला खांदा कोण देणार, पाद्रीबुवा? पाहुण्याच्या खांद्यावर गाईडचा बूट, असलं काही दां-रूसवरच काय, साऱ्या आल्प्समध्ये कुणी पाहिलेलं नाही. ते काही असो. दगडाला 'पाद्रीबुवाचं स्टूल' हे नाव पडलं आणि प्राबेरच्या गाईडांची रीतही पडली. पाहुणा स्टुलावर, गाईड स्टुलाखाली.

मग किती आले आणि किती गेले. जिनिव्हाची एक बाई आली, तिने डोंगरधारेच्या पायथ्याशी घागरा काढून पिशवीत घातला आणि तुमानीत चढली. तिचा गाईड, ओनेझीमचा मुलगा, इतका सभ्य की अख्खी धार तो दुसऱ्या दरीकडे तोंड करून चढला म्हणतात. जर्मनांनी उत्तरेच्या भिंतीवर तीन उन्हाळे डोकं आपटलं, चौथ्याला वर आले, आणि त्यांच्याजवळ गाईडच नसल्यामुळे स्टुलावर आधी कोण यावरून वरच भांडले. एका बिशपला वर नेऊन स्टुलावर क्रूस बसवायचा घाट घातला होता. पण क्रूस बसवला तर पाहुणा उभा कुठे राहणार, असं गाईडांनी विचारलं. बिशप समजूतदार होता. तो क्रूस आता चर्चच्या पडवीत आहे आणि त्याला लोक छत्र्या अडकवतात.

सेराफांचा उजवा गुडघा गेल्या वर्षी बोलायला लागला आणि त्याने गाईडकी सोडली. सोडली म्हणजे काय, कमरेचा दोर सुटला, डोक्यातला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला हा माणूस. गावातल्या रस्त्यावर चालतानासुद्धा मागे कुणी असेल तर मान वळवून त्याची पावलं बघायचा. त्याची बायको फिलोमेन याला कंटाळली होती. मी बाजारातून येतेय, हिमनदीवरून नाही, असं तिने त्याला भर चौकात ऐकवलं होतं.

आणि त्याच वर्षी त्याच्या धाकटीने, ओदीलने, सियोंला जाऊन गाईडची परीक्षा दिली. दिली आणि पासही झाली, बरोबरच्या पोरांना मागे टाकून. बायकांना मताचा हक्क मिळून पंधराएक वर्षं होत आली होती, पण प्राबेरच्या गाईड कंपनीत बाई अजून आली नव्हती. कंपनीचा म्होरक्या म्हातारा गास्पो. त्याने छातीवर बिल्ला लावून आलेल्या ओदीलला पाहिलं, पांढऱ्या वाईनची बाटली उघडली, तिचं तोंडभर कौतुक केलं आणि मग कंपनीचा जुना नियम तिच्यापुढे ठेवला. नव्या गाईडने पहिल्या मोसमात निदान एक पाहुणा स्टुलावर उभा करून दाखवायचा. हॉटेलच्या गच्चीवर दुर्बीण आहे, त्यातून कंपनी बघणार. पाहुणा उभा राहिलेला दिसला की नाव गाईडांच्या पाळीच्या यादीत. नाही दिसला तर पुढल्या वर्षी. नियम सगळ्यांना सारखा होता, त्यात गास्पोची काही खोडी नव्हती.

खोडी पाहुण्यांची होती. कंपनीच्या खोलीत ते यायचे, ओदीलला बघायचे आणि विचारायचे, गाईड कुठे आहेत. झुरिचच्या एका गृहस्थाने तिला कॉफी आणायला सांगितली. तिने आणून दिली आणि सांगितलं की तुमच्यासाठी मी उचललेलं हे पहिलं आणि शेवटचं ओझं. जून गेला, जुलै-ऑगस्ट गेले, सप्टेंबरची गवतं पिवळी पडायला लागली, आणि तिच्या दोराला एकही पाहुणा लागला नाही.

सेराफां वरवर हळहळायचा. आतून त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. पोरगी चढते कशी हे त्याने पाहिलं होतं, त्याबद्दल त्याच्या मनात कणभर शंका नव्हती. भीती निराळीच होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही, फक्त बारोनला सांगितली. बारोन ही त्याची काळी गाय, दोन वेळची कळपाची राणी, शिंगाला शिंग भिडवून अख्ख्या खोऱ्याच्या गाई तिने मागे रेटलेल्या. तिच्या मानेवर हात ठेवून तो संध्याकाळी गोठ्यात म्हणाला, "मी दोर घेऊन निघायचो तेव्हा घरी फिलोमेन असायची. आता पोर दोर घेऊन निघाली, तर घरी कोण? मी. मला नाही जमायचं ते."

"जमेल," दारातून आवाज आला. फिलोमेन दुधाची बादली घेऊन उभी होती. "मला काय कुणी शाळेत घालून शिकवलं होतं?"

फिलोमेनने बादली ठेवली, स्टूल ओढलं आणि धार काढायला बसली. बारोनच्या पोटाला कपाळ टेकवून तिने त्याला एवढंच सांगितलं की पहिली दहा वर्षं फार वाईट जातात, मग माणूस विणायला शिकतं. ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर त्याला तोंड देता आलं असतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सगळं गाव हॉटेलच्या गच्चीवर जमलं, नेहमीसारखं. गास्पो होता, कंपनीचे बाकीचे होते, ओदील एका कोपऱ्यात ग्लास घेऊन बसली होती. फिलोमेन उठली आणि सरळ गास्पोच्या टेबलापाशी गेली. पाहुणा म्हणजे कोण, असं तिने विचारलं. गास्पो म्हणाला, जो गाईड नाही आणि दोराला बांधून वर जातो तो. पाहुणा परगावचाच असला पाहिजे असं कुठे म्हटलंय का? गास्पोने आठवून पाहिलं, नव्हतं म्हटलेलं. मग आमच्या घरात एक आहे, फिलोमेन म्हणाली, त्याने गेल्या वर्षी गाईडकी सोडली, आता तो दिवसभर घरात बसून माझी पावलं बघतो. त्याला घेऊन जा म्हणावं.

गच्ची हसून हसून लोळायची बाकी राहिली. गास्पोने डोळे पुसले आणि हरकत नाही म्हणून टाकलं. सगळ्यांच्या माना सेराफांकडे वळल्या. पळायला वाट नव्हती, आणि एवढ्या गावासमोर पोटच्या पोरीला नाही म्हणायला त्याची जीभही रेटेना. तो उठला, टोपी डोक्यावर नीट बसवली.

"येईन," तो म्हणाला. "मी पायथ्यापासून दगडापर्यंत येईन. पण दगडावर पाय ठेवणार नाही. मी गाईड आहे. प्रालाँ घराण्यातला गाईड स्टुलावर चढत नाही."

"मग बसा दोघं तिथेच," फिलोमेन म्हणाली. "बर्फ पडायला लागलं की मी स्वेटर पाठवीन."

ओदीलने बापाकडे पाहिलं. ती हसली नाही की चिडली नाही. गुरुवारी हवा चांगली आहे, ती म्हणाली, आणि तुझे बूट आदल्या दिवशी मला दाखवून ठेव, सोल झिजले असतील तर नेणार नाही. आता सेराफांच्या बुटांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, ठेवलंच असतं तर स्वर्गाच्या दारात सेंट पीटरने. तो घरी गेला आणि मुकाट्याने बूट घासायला बसला.

गुरुवारी उजाडायच्या आधी दोघं वरच्या निवाऱ्यातून निघाली. सेराफांइतका वाईट पाहुणा दां-रूसने कधी पाहिला नसेल. निघताना त्याने दोर गुपचूप आपल्या पिशवीत कोंबला, ओदीलने तो काढून आपल्या पिशवीत घातला. त्याने कमरेला गाठ मारली, चाळीस वर्षं तीच मारत आला होता. ओदीलने ती सोडली आणि पुन्हा मारली. गाठीत काही चूक नव्हती. पाहुण्याची गाठ गाईड मारतो, बस्स. हिमनदीवर तो पुढे व्हायला बघे आणि दोर त्याला अदबीने मागे ठेवी. भेगा कुठे आहेत ते तो मागून सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी ती त्या भेगेला वळसा घालून झालेली असे.

धारेला लागल्यावर खरं घोडं अडलं. ओनेझीमपासून सगळे प्रालाँ डावीकडच्या चिमणीतून चढत आलेत. चिमणी म्हणजे उभ्या कड्यातली चीर, पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला लावून वर सरकायचं. ओदील तिथे थांबली, वर पाहिलं, आणि उजवीकडच्या फळीवर निघाली. फळी म्हणजे कड्याच्या अंगावरची हातभर रुंद पायवाट, एका बाजूला नुसती हवा. सेराफांने तिला थांबवलं. वाट डावीकडे आहे, तो म्हणाला. चिमणीत आज बर्फ धरलंय, ती म्हणाली.

"मला विचारलंस?"

"पाहुण्यांना विचारत नाहीत, बाबा."

हे वाक्य कुणाचं ते सेराफांला पक्कं ठाऊक होतं. लंडनच्या एका बँकवाल्याला त्याने ते याच जागी ऐकवलं होतं, आणि बँकवाला दिवसभर तोंड फुगवून चढला होता. आता सेराफां तोंड फुगवून फळीवर निघाला. चिमणीतून त्या वेळी दगड-बिगड काही कोसळला नाही. कोसळला असता तर सांगायला बरं झालं असतं, पण डोंगर काही आपल्या सोयीने वागत नाही. चिमणी जशी होती तशी राहिली, आणि दोघं फळीवरून सुखरूप पलीकडे गेली.

मात्र त्या फळीवर सेराफांला काहीतरी झालं. काय झालं ते त्याच्या लवकर ध्यानात आलं नाही. तो चालता चालता खडकावरचं शेंदरी शेवाळ बघत होता, आणि मनात म्हणत होता की एवढं शेंदरी शेवाळ इथे होतं कधी? पुढे पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे आले, डोक्यावर गिरक्या घेत, भाकरीच्या आशेने. पाहुण्यांनी त्यांना खाऊ घातलेलं त्याला कधी खपत नसे, लक्ष विचलित होतं म्हणून. आता त्याने खिशातून राईच्या पावाचा तुकडा काढला आणि हवेत उडवला. कावळ्याने तो वरच्या वर झेलला. सेराफां खुदकन हसला. पुढून ओदीलने मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा पुढे चालू लागली. मग त्याने दुसरा तुकडा उडवला, मग तिसरा, आणि एका कावळ्याशी तर गप्पाच मारायला लागला. गुडघा त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही.

अशा मजेत ते स्टुलापाशी पोचले. ऊन छान पडलं होतं, वारा नव्हता. दगडाच्या मागल्या अंगाला एक अरुंद कट्टा आहे, सगळे गाईड तिथेच थांबतात. सेराफांने कट्ट्यावर पाय ठेवला, टोपी काढली, दगडाला पाठ लावून उकिडवा बसला आणि म्हणाला, "आता तुम्ही, साहेब." मनात तसं काही नव्हतं. शपथेवर सांगतो, गुरुवारी तो काही ठरवून बसला नाही. तोंडातून शब्द गेले, गुडघे आपोआप वाकले. बैल जसा आपणहून गोठ्याकडे वळतो तसं झालं.

शेजारी पाहतो तर ओदीलही टोपी काढून, दगडाला पाठ लावून उकिडवी बसलेली. बाप-लेक दोघंही खांदा पुढे करून तयार, आणि चढायला कुणीच नाही.

"चढ," सेराफां म्हणाला.

"तू चढ," ओदील म्हणाली. "मी गाईड आहे."

"मी सांगितलं होतं. सगळ्या गावासमोर सांगितलं होतं."

"हो. आणि मी आईला सांगितलं, येऊ दे बाबांना, बघू."

दोघंही जागची हलेनात. इकडे खाली हॉटेलच्या गच्चीवर काय चाललं होतं ते सेराफांला पुढे अख्खा हिवाळाभर ऐकावं लागलं. गास्पो दुर्बिणीला डोळा लावून बसला होता आणि मिस्सेतल्या पाद्र्यासारखा थोड्या थोड्या वेळाने पुकारत होता, "स्टूल रिकामं." कट्टा दगडाच्या पलीकडच्या अंगाला, त्यामुळे गावाला नुसता बोडका दगड दिसत होता. कुणी म्हणालं पोचलेच नाहीत, कुणी म्हणालं भांडत असतील. फिलोमेनने विणकामातून डोकं वर काढलं नाही. बसले असतील दोघंही खांदा देऊन, ती म्हणाली, आणि गच्चीवर हशा पिकला. तिला दुर्बिणीची गरज पडत नसे.

वर दगडाच्या मागे आणखी माणसं आली. पलीकडच्या जर्मन बोलणाऱ्या खोऱ्यातला फ्रीदोलीन, सेराफांचा जुना स्पर्धक, आपल्या पाहुण्याला घेऊन दुसऱ्या धारेने वर आला होता. पाहुणा ब्रसेल्सचा एक गोलमटोल बेकरीवाला होता, थंडीने लाल झालेला आणि आनंदाने त्याहून लाल झालेला. स्टूल समोर बघून तो सरळ तिकडे निघाला, पण फ्रीदोलीनने दोर ओढून त्याला थांबवलं. आधी आलेल्यांचा आधी मान. मग फ्रीदोलीनने त्या दोन उकिडव्या मूर्तींकडे नीट पाहिलं. डोळे बारीक केले, मिशी चावली. त्याच्या लक्षात आलं की इथे काहीतरी झक्कास चाललंय.

"सेराफां," तो म्हणाला, "तुमच्या दोरावर गाईड कोण?"

साधा प्रश्न होता. दोन दोर कट्ट्यावर भेटले की गाईड गाईडशी बोलतो, हीच पद्धत. बोलायचं कुणाशी ते कळायला नको? फ्रीदोलीनच्या प्रश्नात टोमणा होता, पण टोमण्याच्या आत प्रश्नही होता, आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

'मी' म्हणायला सेराफांने तोंड उघडलं. आणि त्याला उगीचच दोर आठवला. आपल्या कमरेचा दोर. चाळीस वर्षं तो तरुण गाईडांना एकच गोष्ट बजावत आला होता की वाईट गाईडच्या पाहुण्याला दोर आठवतो. ओढला गेलो, हिसका बसला, पायात आला, कमरेला काचला, हे सगळं तो घरी जाऊन सांगतो. चांगल्या गाईडच्या पाहुण्याला विचारा, तो नुसता डोंगराबद्दल बोलेल. आता सेराफां आपल्या दिवसाकडे मागे वळून पाहू लागला. शेवाळ आठवलं. कावळे आठवले, त्यातला तो एक बेरड कावळा तर फारच. फळीखालची निळी दरी आठवली, सकाळी धारेवर आलेलं पहिलं ऊन आठवलं. दोर आठवेना. हिमनदीवर थोडा जाणवला होता, तो सुद्धा आपणच पुढे घुसत होतो म्हणून. त्यानंतर दोर होता की नव्हता, देव जाणे. फळीवर एका बाजूला हवा असताना तो कावळ्यांशी गप्पा मारत होता. गाईड असताना असा वेडेपणा तो जन्मात करता ना. कुणीतरी दोर सांभाळतंय याची अंगाला खात्री पटल्याशिवाय माणूस असा वागतच नाही.

त्याचे डोळे भरून आले. थंडीचं निमित्त सांगायला वाराही नव्हता.

"ही," सेराफां म्हणाला. "ओदील प्रालाँ. प्राबेरची गाईड."

फ्रीदोलीनने टोपी काढली. सेराफांला नाही, ओदीलला. मग त्याने सेराफांकडे वळून विचारलं की तर मग पाहुण्यांनी लवकर आटपायला हरकत नाही ना, आमच्या बेकरीवाल्याच्या पावाचं पीठ गोठायला लागलंय. बेकरीवाल्याला फ्रेंच येत होतं, तो सगळ्यात मोठ्याने हसला.

सेराफां उठला. दगडाकडे तोंड करून उभा राहिला. ओदील खाली वाकलेली, खांदा पुढे. त्या खांद्यावर त्याने आजवर हात ठेवला होता, लहानपणी डोकं ठेवून झोपलेल्या तिला उचलून नेताना त्याचाच खांदा तिच्याखाली होता, पण बूट? खिळ्यांचा, त्याच्या वजनाचा बूट? त्याने पाय उचलला आणि नुसता टेकवला, अंड्यावर टेकवावा तसा.

"पूर्ण वजन टाका," ओदील म्हणाली. "अर्धं टाकलं तर दोघंही पडू."

त्याने पूर्ण वजन टाकलं. खांदा हलला नाही. दोन तळवे त्याच्या दुसऱ्या बुटाखाली आले, त्याला वर उचललं गेलं, आणि सेराफां प्रालाँ पाद्रीबुवाच्या स्टुलावर उभा राहिला.

काय दिसलं असं त्याला पुढे ज्याने त्याने विचारलं. त्याने प्रत्येकाला निराळं सांगितलं, कारण एका वेळी एवढं सांगून होत नाही. उत्तरेकडचं सगळं खोरं एकदम उघडलं होतं. कट्ट्यावरून ते कधीच दिसत नसे, दगडाआड जात असे. चर्चचा कळस, हॉटेलची गच्ची, तिच्यावर काहीतरी लखलखणारं, म्हणजे गास्पोची दुर्बीण. गच्चीच्या वरच्या अंगाला त्याचं घर. घर स्पष्ट दिसत होतं, छपराच्या पाट्या मोजाव्यात इतकं स्पष्ट. आणि त्याच्या मनात आलं की इथून घर दिसतं म्हणजे घराच्या ओट्यावरून इथलंही दिसत असणार. मग आपणही बसू की ओट्यावर. खुर्ची टाकून बसू, शेजारी फिलोमेन असेल, तिला विचारू कुठल्या टाक्यापासून सुरुवात करायची. भीती गेली नव्हती. पण ती आता बसता येण्यासारखी भीती झाली होती, आणि त्याला हसायला येऊ लागलं. तो मोठ्याने हसला, दोन्ही हात वर केले आणि कापणीच्या वेळी पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसे जोरजोरात हलवू लागला.

गच्चीवर गास्पो ओरडला की कुणीतरी चढलंय. कोण ते त्याला ओळखू येईना, एवढ्या लांबून एक काळा ठिपका नि दोन हात. लोक म्हणू लागले ओदील असेल, म्हाताऱ्याने आपलंच खरं केलं. गास्पोने दुर्बिणीतून पुन्हा निरखून पाहिलं. "छे," तो म्हणाला, "हात असे हलवणारा गाईड मी जन्मात पाहिला नाही. हा पाहुणाच आहे." आणि त्याने तिथल्या तिथे ओदीलचं नाव पाळीत घातलं. फिलोमेनने विणकाम मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

वर सेराफां उतरायला तयार नव्हता. आधी त्याने खोऱ्यातली सगळी शिखरं नावानिशी मोजली, जसं काही ती आज पहिल्यांदा भेटत होती. मग पाद्रीबुवा इथे उभे राहून स्तोत्रं का म्हणत राहिले ते आता कळलं, असं खालच्यांना सांगितलं. मग त्याला स्तोत्र येत नसल्यामुळे त्याने राणीगाईंच्या झुंजीला म्हणतात ते गाणं म्हटलं, दोन कडवी, भसाड्या आवाजात. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या, जरा ऊब यावी म्हणूनही वाजवल्या असतील. फ्रीदोलीनने सूर्याकडे बघितलं, ओदीलकडे बघितलं आणि काही बोलला नाही, कारण दुसऱ्याच्या पाहुण्याला आपण घाई करायची नसते.

ओदीलने दोराला हलकेच एक बोट लावलं.

"पाहुणे," ती म्हणाली, "उतरा आता. लोक थांबलेत, आणि ऊन धारेवरून सरकायला लागलंय."

सेराफांने खाली पाहिलं. त्याची पोरगी दोन पाय रोवून उभी होती, दोर हातात, नजर त्याच्या बुटांवर.

"अजून थोडं थांबू द्या ना, गाईड," तो म्हणाला.